मेलेल्या बाईचा अर्ज

मी रागीट बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. निराधार पेन्शनच्या टेबलावर माझी बदली झाली तेव्हा ऑफिसातले सगळे म्हणाले, आता बोगस नावांची काही खैर नाही. मला ते ऐकून बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू? माझी नोकरी कर्जत आणि खालापूर अशा दोन्हीकडं झाली. यातलं ऑफिस कुठलं आणि गाव कुठलं ते मी सांगणार नाही. का, ते पुढं कळेलच.

त्या टेबलावर एकेक नमुने बघितले मी! दोन मजली बंगला बांधून वर भूमिहीन असल्याचा दाखला जोडणारा एक होता. मुलगा साजगावच्या कारखान्यात कायम नोकरीला असताना 'मला कुणी नाही' म्हणून डोळे पुसणारी एक होती. एका पठ्ठ्यानं तर चुलता वारल्यावर दोन वर्षं त्याचं कार्ड वापरून पैसे काढले, आणि पकडल्यावर मलाच म्हणाला, "मॅडम, चुलता गेलाय हे बँकेनं विचारलंच नाय." त्याला मी असा झापला की शेजारच्या खोलीतून साहेब उठून बघायला आले. गरिबाच्या ताटातलं उचलून खाणाऱ्यांची मला मनापासून चीड आहे, अजूनही आहे.

त्यात वरून आदेश आला की प्रत्येक ग्रामपंचायतीनं पेन्शनच्या यादीतली मयत नावं शोधून कळवायची. आडवळणाच्या एका गावात ग्रामपंचायतीची जुनी रजिस्टरं नुकतीच कॉम्प्युटरवर चढवली होती. तिथला ऑपरेटर बाहेरगावचा, कामाला चोख. त्यानं यादीतलं एक नाव घातलं आणि मृत्यूची नोंद सापडली. बाईचं नाव तेच, नवऱ्याचं नाव तेच, आडनाव तेच, घर नंबरसुद्धा तोच. त्यानं उतारा काढून माझ्याकडं पाठवला.

मी उताऱ्यावरची तारीख बघितली आणि खुर्चीतून उठलेच. बाई वारून अठ्ठेचाळीस वर्षं झाली होती आणि पेन्शनचा अर्ज होता सहा वर्षांपूर्वीचा! म्हणजे मेल्यावर अर्ज केला होता बाईनं, वर पासपोर्ट साइजचा फोटोही चिकटवला होता. "अगं बाई गं," मी टेबलावर हात मारून म्हणाले, "हे तर सगळ्यांच्या वरचं निघालं!" मी त्याच दिवशी पेन्शन थांबवली आणि दोन महिन्यांनी, हातातली कामं उरकताच, फाइल पिशवीत घालून स्थळपाहणीला निघाले.

दिवाळी होऊन गेलेली, गावात भाताची झोडणी चालली होती. टमटममधून उतरले ती पहिली रेशन दुकानात गेले. दुकानदाराला नाव सांगून विचारलं, "ही बाई कधी वारली?" तो तांदळाच्या गोणीकडं बघत म्हणाला, "मॅडम, ती म्हातारी काल रॉकेलच्या बत्तीची काच इचारत व्हती." मी उतारा पुढं केला. त्यानं वाचला, घडी घालून परत दिला आणि म्हणाला, "जुनं मला काय ठाऊक नाय."

अंगणवाडीच्या बाईंकडं गेले. त्या तर या गावात लग्न होऊन आलेल्या, पंधरा वर्षं झालेली. उतारा बघताच त्यांनी आधी दार लोटलं आणि मग म्हणाल्या, "ताई, हे कुठून काढलंत? आत ठेवा ते." पोलीस पाटलांनी मला चहा पाजला, पिकाचं सांगितलं, बिबट्याचं सांगितलं, पण त्या नावावर गाडी आली की गप्प. शेवटी म्हणाले, "म्हातारी जिवंत हाय, एवढं मी लिवून देतो. बाकी इचारू नका."

माझं डोकं सटकलं. एखादा माणूस लपवतो, एखादं घर लपवतं. इथं सगळं गावच मिळून काहीतरी दाबत होतं. मला वाटलं, यात एकटी म्हातारी नाही, मोठी साखळी आहे. आज हिला सोडायची नाही, असं ठरवूनच मी त्या घराकडं वळले.

घर कौलाचं, पुढं शेणानं सारवलेलं अंगण. एक काटक म्हातारी सुपात भात पाखडत होती. सत्तरी गाठलेली असावी. मी फोटोशी चेहरा ताडून पाहिला, तोच होता.

"तुम्हीच का त्या?"

"मीच गं बाय. काय चुकलं का? दोन म्हैनं पैसं नाय आलं." आत जाऊन तिनं तांब्या भरून आणला. वाकून देताना तिच्या पदराआडून काळ्या दोऱ्यातला चांदीचा तुकडा बाहेर आला आणि मी लगेच वहीत लिहिलं, 'गळ्यात चांदीचा दागिना.' निराधार म्हणे!

मी पाणीही न पिता उतारा उघडला आणि खणखणीत आवाजात वाचला. अमुक बाई, अमुकची बायको, या घरात, या तारखेला मयत. "आता सांगा, ही मेली असेल तर तुम्ही कोण? मेलेल्या बाईचं नाव वापरता?"

म्हातारीनं सूप खाली ठेवलं. मला वाटलं होतं ती रडेल, नाहीतर भांडेल. ती म्हणाली, "हळू बोल गं. व्हय, वापरते. पन्नास वर्षं व्हत आली. मला दिलंच ते तसं."

मग तिनं मला आत नेलं, चुलीपुढं बसवलं आणि सांगितलं ते असं. तिच्या नवऱ्याची ती दुसरी बायको. पहिली बाळंतपणात गेली, पोर मागं ठेवून. पोर सव्वा महिन्याची असताना हिचं लग्न लागलं. आपल्याकडं लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यात नवरा अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितो. तिच्या नवऱ्यानं लिहिलं, भटजींनी वाचलं आणि मांडव एकदम गप्प झाला. नाव पहिलीचं होतं.

"माझी आय रडायला लागली," ती म्हणाली. "मेलेल्या बाईचं नाव माझ्या लेकीला देता म्हणून. तवा सासू आमच्या आयच्या पाया पडली. म्हणाली, माझ्या नातीला आय पायजे, सावत्र आय नको. हिच्या आयचं नाव काय असं कुनी इचारलं तर तिनं एकच नाव सांगावं, आन् ती बाई तिच्या समोर असावी. मग माझी आय गप झाली."

"आणि गाव?" मी विचारलं. माझा आवाज केव्हा खाली आला होता, मला कळलंही नव्हतं.

"सासऱ्यानं गावकी बोलवली. देवळात नारळ ठेवला. ठरलं की ह्या पोरीला कुनी सांगायचं नाय. कवाच नाय."

मला हे गाव चांगलं ठाऊक होतं. बांधावरून यांच्या तीन पिढ्या कोर्टात. निवडणुकीत सख्खे भाऊ एकमेकांची तोंडं बघत नाहीत. प्लॉटिंगवाल्यांना जमिनी विकताना एकमेकांना यांनी असे अडवले आहेत की बोलायची सोय नाही. आमच्या ऑफिसात एकमेकांविरुद्ध सगळ्यात जास्त अर्ज या गावचे. आणि हे लोक अठ्ठेचाळीस वर्षं एक गोष्ट पोटात ठेवून होते! पोर शाळेत गेली, मोठी झाली, दोन शेजारणींची नळावर भांडणं झाली असतील, काय काय उणंदुणं काढलं असेल. पण ही गोष्ट कुणी तोंडाबाहेर काढली नाही. जी नवी सून गावात येते तिला सासू पहिल्या आठवड्यातच सांगून ठेवते. म्हणून तर अंगणवाडीच्या बाईंनी दार लोटलं होतं. मी ज्याला साखळी समजत होते ती ही होती.

तिनं दोऱ्यातली चांदी बाहेर काढून मला दाखवली. बोटाच्या पेराएवढा टाक होता, त्यावर बाईची आकृती, झिजून नाक-डोळे गेलेले. "ही थोरली," ती म्हणाली. "दुसरेपनाला जी येते तिनं सवतीचा टाक घालायचा असतो. पोरगी इचारायची, तर देवीचा हाय म्हनून सांगितलं. नवरा गेला, मी विधवा झाले. पन ही सवाशीन गेली ना, म्हनून हिला अजून हळदकुकू वाहते. आधी ती, मग माझा चहा."

"तुमचं माहेरचं नाव काय होतं मावशी?"

तिनं टाक परत पदराआड सारला. मग सांगितलं, आणि स्वतःच हसली. "ऐकायला कसं परकंच वाटतं गं." मी वहीतली ती दागिन्याची ओळ खोडली. शाई फराटली, पान फाटलं, पण मी खोडली.

मला वाटलं, चला, सुटला प्रश्न. मृत बाई वेगळी, ही वेगळी. नियम साधा होता. चुकीची मयत नोंद लागली असेल तर लाभार्थीचा जबाब घ्यायचा, किंवा जवळच्या नातेवाइकाचा. मी तिथंच बसून जबाब लिहिला आणि आमच्या सवयीप्रमाणं वाचून दाखवला, 'सदर मयत स्त्री ही माझ्या पतीची प्रथम पत्नी व माझ्या मुलीची जन्मदाती आई असून मी मुलीची सावत्र आई आहे.' शाईचं पॅड उघडून तिच्यापुढं धरलं.

तिनं अंगठा मागं घेतला. "ह्याला नाय लावनार."

"अहो मावशी, कागद फाइलीत राहणार. मुलीला कोण सांगतंय?"

"तिला कळंल का नाय ती येगळी गोष्ट. पन मी अंगठा लावला म्हंजे मीच बोलले ना, की ती माझी नाय. ह्या तोंडानं कवा बोलले नाय, आता अंगठ्यानं बोलू?"

"मग पेन्शन सुरू होणार नाही. नाव कमी करावं लागेल." मी जरा चिडूनच म्हणाले. तिच्या फळीवर रक्तदाबाच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट मला दिसत होतं. नवरा गेल्यापासून ती त्याच पैशांवर होती. मुलगी चौक गावाच्या बाजूला दिलेली, जावयाचं हायवेवर टायर पंक्चरचं दुकान. जावयापुढं हात पसरायचा नाही हा म्हातारीचा बाणा.

"मग मेले असं लिव," ती शांतपणे म्हणाली. "मी मेले असं लिवलंस तर तिची आय मेली, एवढंच. तिची आय नाय असं तर नाय ना व्हत?"

माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत जिवंत राहण्यासाठी खोटं बोलणारे शेकड्यानं बघितले. खरं असूनही कागदावर मरायला तयार झालेली ही एकच. मला तिच्या पाया पडावंसं वाटलं. पडले नाही, सरकारी कामाला आले होते ना! ती मात्र मला अंगणाच्या कडेपर्यंत सोडायला आली.

साहेबांना मी सगळं सांगितलं. ते चांगले होते, पण म्हणाले, "जबाब नसेल तर मी काय करू? नातेवाइकाचा घ्या." जवळची नातेवाईक एकच. तिचा मोबाइल नंबर फाइलीत होता. मी चार-पाच वेळा फोन हातात घेतला आणि ठेवला. काय विचारणार होते? 'तुमची आई तुमची आई नाही, असं लिहून देता का?' दरम्यान मी टमटमवाल्याबरोबर गोळ्यांची दोन पाकिटं पाठवली. ती तशीच परत आली, वर निरोप: "बायला सांग, सरकारी मानसाकडनं काय घ्यायचं नसतंय." मला, बोगसांची कर्दनकाळ म्हणवणारीला, तिनं नियम शिकवला!

महिन्याभरानं एक दिवस दुपारी जेवणाचा डबा उघडते तोच टेबलापुढं एक बाई येऊन उभी राहिली. पन्नाशीला टेकलेली, उंच, घामाघूम, हातात हेल्मेट.

"तुमीच का त्या, माझ्या आईला मारलीत त्या?"

सगळं ऑफिस वळून बघायला लागलं. ती थांबेचना. "आई गोळी मोडून अर्धी अर्धी घेते! विचारलं तर म्हणते, मशीन बिघडलंय. ग्रामपंचायतीतला कॉम्प्युटरवाला म्हणतो, तालुक्याच्या यादीत ती मयत दाखवतेय. जिती-जागती बाई तुमच्या कागदावर मेली? दाखवा मला, कुठल्या कागदावर मेली ती!"

एरवी माझ्यावर कुणी आवाज चढवला असता तर मी त्याची पाठ सोडली नसती. त्या दिवशी मी मुकाट फाइल बंद केली आणि वर डबा ठेवला. म्हणाले, "चूक झालीय ताई. तुम्ही बसा आधी. बघते मी."

ती फाइलीकडं बघत राहिली, मग माझ्याकडं. तिचा आवाज एकदम उतरला. "मृत्यूचा दाखला आलाय ना तुमच्याकडं? जुना?"

मी डबा तसाच फाइलीवर दाबून धरला.

"तो माझ्या आईचाच हाय," ती म्हणाली. "जन्म दिलेल्या."

मी तिला आतल्या रेकॉर्डच्या खोलीत नेलं. गठ्ठ्यांच्या मधे दोन स्टुलं होती, त्यावर बसलो. मी विचारलं, "कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी नाय. आमच्या गावात कोण सांगल?" ती हसली. "माझ्या पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी आले. कळा सुरू झाल्या, आणि आई माझ्यापेक्षा जास्त घाबरली. सुईणीला विचारत होती, आता काय होणार, आता असं का होतंय. जिनं एकदा तरी सोसलंय ती असं विचारत नाय हो. मी कळा देत पडले होते आणि मला कळलं, हिला ह्यातलं काय ठाऊकच नाय. मग गळ्यातला टाक, मग बाकीचं सगळं जुळलं. तवापासून पंचवीस वर्षं झाली."

"आणि तुम्ही त्यांना..."

"तिला वाटतं मला ठाऊक नाय. तिनं किती सांभाळलंय ते. तिच्या हातून ते मी कसं काढून घेऊ?"

एका बाजूनं म्हातारी आणि सगळं गाव हिच्यापासून लपवत होतं. दुसऱ्या बाजूनं ही एकटी त्या सगळ्यांपासून लपवत होती, आणि कुणी कुणाला फसवत नव्हतं. फसवणूक ओळखायला मी पगार घेते. पण याला काय म्हणायचं ते मला आजही सांगता येत नाही. मला रडू आलं आणि मी तिच्यासमोरच रडले, लाज न बाळगता.

तिनंच मला पाणी दिलं. मग म्हणाली, "कुठं सही करायची ते सांगा. तिचं पेन्शन सुरू करा."

मी नातेवाइकाच्या जबाबाचा छापील कागद काढला. त्यात दोन रकाने असतात: मयत व्यक्तीशी नातं आणि लाभार्थीशी नातं. मयताच्या रकान्यापाशी तिचा पेन थांबला. मग तिनं लिहिलं, 'मुलगी.' खालच्या रकान्यात न थांबता लिहिलं, 'मुलगी.' आणि वर बघून विचारलं, "असं चालतं का तुमच्यात?"

"मी चालवते," मी म्हणाले. साहेबांनी कागद वाचला, माझ्याकडं बघितलं आणि सही केली.

पुढच्या आठवड्यात हयातीच्या नोंदीसाठी ती आईला घेऊन आली, स्कूटरवर मागं बसवून. 'मशीनची चूक दुरुस्त झाली' एवढंच तिनं आईला सांगितलं होतं. ती बाहेर बाकावर बसली, मुद्दामच, आणि म्हातारी एकटी माझ्या टेबलाशी आली. नवं लुगडं नेसली होती. मी अंगठ्याचं मशीन पुढं सरकवलं. तिनं अंगठा टेकवला नाही. दाराकडं एकदा बघून ती माझ्या कानाशी वाकली.

"बाय, तो कागद माझ्या पोरीनं बघितला काय गं? खरं सांग."

खोटं बोलणाऱ्यांना मी इतकी वर्षं त्याच टेबलापुढं उभं केलं होतं. मी तिच्या डोळ्यांत बघितलं.

"नाही मावशी," मी म्हणाले. "त्यांना काहीसुद्धा ठाऊक नाही."

तिनं मोठा श्वास सोडला, पदरानं अंगठा स्वच्छ पुसला आणि मशीनवर ठेवला.